आठवण : ११ सप्टेंबर, जॉन वेअर स्मृतिदिन

मंडळी, ११ तारखेला सकाळी १० ला कॅलगरीच्या युनियन सेमेटरीत जॉन वेअरच्या समाधीला फुलं वाहायला जायचंय, विसरू नका. नवीन मेंबरांसाठी सांगतो, अमेरिकेत गुलामीत जन्मलेला हा गडी १८८२ मध्ये गुरांचा मोठा कळप हाकत कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात (कॅलगरी इथलंच) आला आणि राबराब राबून स्वतःचं रँच (गुरं पाळायचं मोठं कुरण) उभं केलं, गुरांवर मालकीच्या खुणेचा डाग ९९९९ चा, १८९२ ला मिल्ड्रेडशी लग्न, मग पोरंबाळं. १९०२ च्या पुरात घर वाहून गेलं तर पठ्ठ्याने उंचावर नवीन बांधलं! १९०५ मध्ये आधी बायको गेली, काही महिन्यांतच घोडा अडखळून पडला नि हाही गेला, पोरं आजीआजोबांकडे. लहान मुलांना आणाच. चहा आपापला, गाडीत जागा हवी असेल तर आजच नाव टाका.