एकाच बॅचचे सांगून सरमिसळ पेलेट पाठवल्याबाबत तक्रार

दिनांक: 11 नोव्हेंबर 2025

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
नेमबाजी साहित्य विभाग

विषय: एअर पिस्तूल मॅच पेलेटच्या सहा डब्या बदलून मिळणे अथवा त्यांचे पैसे परत मिळणे, तसेच उत्पादकाचा बॅच नंबर झाकल्याचा लेखी खुलासा मिळणे.

संदर्भ: सोबत जोडलेले बिल व ऑर्डर पक्की झाल्याचा आपला ईमेल.

महोदय,

आपल्या कंपनीकडून मी 4.5 मि.मी. मॅच पेलेटच्या, म्हणजे हवेच्या पिस्तुलातून स्पर्धेत मारायच्या शिशाच्या छऱ्यांच्या, दहा डब्या मागवल्या होत्या. डबी 500 नगांची, हेड साइज (पेलेटच्या डोक्याचा व्यास) 4.50 मि.मी., सगळ्या एकाच बॅचच्या. ही बॅच राखून ठेवण्यासाठी आपण डबीमागे जादा दर लावलात आणि तो मी आगाऊ भरला. माल आला तेव्हा त्या बॅचच्या डब्या निघाल्या चार. आणखी चारांवर सरळसरळ वेगळा नंबर होता. राहिलेल्या दोघींवर माझ्या बॅचचा नंबर होता खरा, पण तो स्टिकरवर. त्या स्टिकरखाली काय निघाले ते पुढे लिहितो.

माझी मुलगी ज्युनिअर गटात 10 मीटर एअर पिस्तूल खेळते. मी स्वतः नेमबाज नाही. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझे छोटे मशीन शॉप आहे. नेम कसा धरावा यात मी तोंड घालत नाही. पण मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे किती, हे आपल्या कस्टमर केअरने मला फोनवर समजावून सांगायची काही गरज नव्हती.

आधी बॅचचे बोलू, कारण आपल्या माणसांना त्याचे महत्त्व कळलेले दिसत नाही. अमेरिकेत सेंटरफायर, म्हणजे दारूच्या काडतुसाच्या, पिस्तुलाने स्पर्धा खेळणारे बरेच जण आपली काडतुसे घरी स्वतः भरतात. वापरलेली केस साफ करायची, दारू पेटवणारा नवा प्रायमर बसवायचा, दारू मोजून घालायची, गोळी किती खोल बसवायची ते ठरवायचे, आणि आपल्या हत्याराला मानवेल असे काडतूस हळूहळू जमवत आणायचे. एअर पिस्तूलवाल्याच्या हातात यातले काहीच नाही. पेलेट कारखान्यातून येतो तसाच नळीत जातो, हवेचा दाब रेग्युलेटर सांभाळतो. नेमबाजाला करण्यासारखे एवढेच उरते की वेगवेगळ्या बॅचचे पेलेट आपल्या नळीतून मारून बघायचे, सर्वांत घट्ट ग्रुप देणारी, म्हणजे जिचे शॉट सर्वांत जवळजवळ पडतात ती, बॅच धरायची आणि मोसमभर पुरेल एवढी ती घेऊन ठेवायची. शिसे मऊ, साचे झिजणारे. एकाच कंपनीच्या, एकाच हेड साइजच्या दोन बॅच एका नळीत सारख्या चालतीलच असे नाही, आणि एका पिस्तुलाला मानवलेली बॅच शेजारच्या पिस्तुलाला मानवेल असेही नाही. आपल्यालाही हे माहीत आहे, म्हणून तर आपण सँपल पॅक विकता आणि 'बॅच राखीव' म्हणून वरचे पैसे घेता.

आमच्याकडे फाउंड्रीतून कास्टिंग येते त्यावर हीट नंबर, म्हणजे धातूच्या एका ओतणीचा नंबर, असतो. टेस्ट सर्टिफिकेट एका हीटचे आणि माल दुसऱ्या हीटचा, असे निघाले तर आम्ही टेम्पो खालीच करून घेत नाही. 'ग्रेड तर सेमच आहे ना' असे म्हणायची फाउंड्रीवाल्याची टाप नसते.

आपल्या सँपल पॅकमधून बॅच निवडली तीही अंदाजपंचे नाही. पिस्तूल पकडायला मी नायलॉनचे जबडे लावून क्लॅम्प बनवला, तो शॉपमधल्या एका जुन्या मशीनच्या काँक्रीट पायावर बोल्टने आवळला आणि 10 मीटरवर कागदी टार्गेट लावून प्रत्येक बॅचचे दहा-दहा शॉटचे ग्रुप काढले. ट्रिगर मुलीने दाबला, व्हर्नियर मी धरला. जी बॅच आम्ही राखून ठेवायला सांगितली तिचे ग्रुप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत साडेसहा मिलिमीटरच्या आसपास आले. त्यात पेलेटची स्वतःची जाडीच साडेचार, म्हणजे दहाही शॉटची केंद्रे दोन मिलिमीटरांत.

आलेला माल त्याच क्लॅम्पवर तपासला. खऱ्या बॅचच्या चार डब्यांचे ग्रुप पूर्वीसारखेच, 6.4 ते 6.8. वेगळ्या नंबरच्या चार डब्या 8 च्या पुढे गेल्या. स्टिकरवाल्या दोन डब्या सर्वांत वाईट. त्यांतला एक ग्रुप 10.8 आला आणि त्यात दोन शॉट बाकीच्यांपासून तुटून वेगळे पडलेले दिसतात. ही टार्गेटे जोडली आहेत, प्रत्येकावर डबीचा नंबर लिहिला आहे.

त्या दोन डब्यांविषयी जरा सविस्तर. डबीच्या तळाला उत्पादकाने छापलेला नंबर असतो. तिथे पांढरा चौकोनी स्टिकर आणि त्यावर प्रिंटरने छापलेला माझ्या बॅचचा नंबर. स्टिकर किंचित तिरका बसला होता आणि खालच्या शेवटच्या आकड्याचे शेपूट कडेतून बाहेर आले होते, म्हणून लक्षात तरी आले. हेअर ड्रायरने गरम करून एका डबीचा स्टिकर सोडवला. खाली दुसराच नंबर, अगदी स्वच्छ वाचता येतो. दुसऱ्या डबीचा स्टिकर मी मुद्दाम तसाच ठेवला आहे. तो आपल्या माणसासमोर काढू, नाहीतर ग्राहक आयोगासमोर. आयातदाराने आपले नाव, पत्ता, किंमत, महिना-वर्ष यांचे लेबल लावायचे असते हे मला ठाऊक आहे. ते लेबल डबीच्या बाजूला रीतसर लावलेलेही आहे. पण उत्पादकाचा नंबर झाकून त्यावर गिऱ्हाइकाला हवा तो नंबर चिकटवणे कशात बसते, हे आपणच सांगा.

झाकण उघडले तर आतली फोमची चकती गायब. ती नसली की वाटभर पेलेट एकमेकांवर आपटत येतात. तळाला शिशाची करडी भुकटी साचली होती. गुजरीतल्या ओळखीच्या सराफाकडून लूप (डोळ्याला लावायचे भिंग) आणि मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा मागून आणला आणि चिमट्याने एकेक पेलेट उचलून पाहिला. मागची पोकळ कड, जिला स्कर्ट म्हणतात, ती कित्येकांची लंबगोल झालेली, काहींची एका बाजूने आत दबलेली. हवा पेलेटला मागून ढकलते तेव्हा हीच कड नळीला भिडून हवा अडवते. ती नीट भिडली नाही तर हवा बाजूने निसटते आणि प्रत्येक शॉटचा वेग निराळा पडतो. वजन 0.45 ग्रॅम सांगितलेले. खऱ्या बॅचचे पेलेट 0.449 ते 0.453 मध्ये बसले, स्टिकरवाले 0.441 पासून 0.462 पर्यंत पसरले. वजनाकडे मी एक वेळ कानाडोळा करीन, स्कर्टकडे कसा करणार? माझा कयास असा की या डब्या आधी कुणीतरी उघडून परत केलेल्या असाव्यात. कयास चुकीचा असेल तर तसे लेखी कळवा, मी मागे घेईन.

आता फोनविषयी. पहिल्या वेळी उत्तर मिळाले, "साहेब, 4.50 म्हणजे 4.50च की. चालतंय." दुसऱ्या वेळी वरच्या कुणाकडे तरी फोन दिला गेला. ते म्हणाले, "सर, दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं. तुमचा ग्रुप 10.8. म्हणजे सगळे दहाच!"

या गृहस्थांना स्वतःच्या बाजूचा हिशेबसुद्धा पुरता येत नव्हता. पेलेटची कड रेषेला शिवली तरी वरचा गुण मिळतो, त्यामुळे केंद्रापासून 8 मि.मी.पर्यंतचा शॉट दहाच धरला जातो. हे मीच त्यांना सांगितले. पण तो हिशेब क्लॅम्पचा झाला, मुलीच्या हाताचा नव्हे. तिचा बरा शॉट केंद्रापासून चार-पाच मिलिमीटरवर पडतो, कधी सहा-सातवर. त्यात पेलेटने आपल्या मर्जीने आणखी तीन मिलिमीटर घातले की दहाचा नऊ झालाच. पात्रता फेरीत 75 मिनिटांत 60 शॉट असतात आणि गुण सारखे झाले तर आतले दहा मोजतात. तो आतला दहा अवघ्या 5 मि.मी.चा. फायनलला गुण दशांशात. शॉट 0.8 मि.मी. सरकला की एक दशांश गेला, तीन मिलिमीटर म्हणजे जवळजवळ चार दशांश, आणि बाद होऊन घरी जायला एक दशांशही पुरतो. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे हे नेमबाज ज्या जिल्ह्यातले, तिथल्या रेंजवर हे आकडे पोरांना तोंडपाठ असतात. नेमबाजीचे साहित्य विकणाऱ्यांना ते शिकवायची पाळी आमच्यावर यावी?

पैशांचे मी समजू शकतो, ते मागेपुढे मिळतील. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. स्टिकर नजरेला पडायच्या आधी त्यातली एक डबी सरावाला काढली होती. चांगला सुटलेला शॉट नऊला, मध्येच एखादा आठला जाऊ लागला. प्रशिक्षकांना वाटले ट्रिगर झटकते आहे, म्हणून ड्राय फायरिंग, म्हणजे पेलेट न घालता ट्रिगर दाबायचा सराव, वाढवले. ग्रिपला पुट्टी लावून पुन्हा घासली, साइटचे क्लिक इकडून तिकडे केले. मुलगी डायरीत रोज आपल्याच चुका लिहीत होती. शॉट गेला की आधी स्वतःकडे बघ, असेच नेमबाजाला शिकवतात आणि ते योग्यच आहे. खराब माल खपवणाऱ्याचे मात्र त्याने आयतेच फावते, कारण गिऱ्हाईक आधी स्वतःलाच दोष देते. माझ्याकडे मशीन शॉप होते म्हणून क्लॅम्पवर लावून बघता आले. बाकी आईबापांनी काय करावे? त्यातल्या कित्येकांनी पिस्तूलच हप्त्याने घेतलेले असते.

ईमेलने तक्रार केली त्याचे उत्तर असे आले की उघडलेली डबी परत घेतली जात नाही, सबब आपले तिकीट (तक्रारीची नोंद) बंद करण्यात येत आहे. डबी उघडल्याशिवाय आतले पेलेट बघायची काही युक्ती असेल तर कळवावी. बिलावर परतीची मुदत कुठेही छापलेली नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे बिलावर मुदत नसेल तेव्हा 30 दिवसांच्या आत सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि माझी पहिली तक्रार त्या मुदतीच्या आतली आहे. ऑनलाइन विक्रीच्या 2020 च्या नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तिकीट बंद केले म्हणजे निवारण झाले असे त्यात कुठे लिहिलेले मला तरी आढळले नाही.

माझी मागणी मोठी नाही. सहा डब्या राखीव बॅचच्याच बदलून द्याव्यात. ती बॅच संपली असेल तर तसे स्पष्ट सांगून सहा डब्यांची किंमत, दहाही डब्यांवर घेतलेला राखीव दर आणि कुरिअरचा खर्च परत करावा. 'तशीच दुसरी बॅच' मला नको. स्टिकर कुणी आणि का लावला याचा खुलासा सहीनिशी लेखी हवा, फोनवर नको. आणि स्टिकरखाली जो नंबर निघाला त्या बॅचच्या डब्या याच पद्धतीने आणखी कुणाला गेल्या असतील तर त्यांनाही आपण होऊन कळवावे. ही शेवटची मागणी मी आपल्याला सोडू देणार नाही, कारण ते आपल्याकडे तक्रार करणार नाहीत, पोरांना ओरडत बसतील.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत यातले काही झाले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकीन. ग्राहक राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, त्यामुळे खेपा घालायची पाळी माझ्यावर नाही, आपल्या माणसांवर येईल.

सहा डब्या वेगळ्या बांधून ठेवल्या आहेत. तपासणीसाठी काढलेले पेलेट पाकिटात घालून त्या त्या डबीला चिकटवले आहेत. कुरिअरचा माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी कळवा आणि त्याच्याकडे डबीगणिक बॅच नंबर लिहिलेली पोच द्या, त्याशिवाय माल हातातून सोडणार नाही.

आपला,
(सही)
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

सोबत: बिल, ऑर्डरचा ईमेल, स्टिकर काढण्याआधीचे व नंतरचे फोटो, क्लॅम्पवर घेतलेली टार्गेटे.