रेनल्ड्सचे गाल पांढरे का पडले?

महोदय,

रविवार पुरवणीतल्या अठराव्या शतकातील इंग्रजी व्यक्तिचित्रांवरच्या लेखात सर जोशुआ रेनल्ड्स (१७२३–१७९२) यांनी रंगवलेले फिकट चेहरे हे उमरावांच्या गोरेपणाच्या हौसेचे लक्षण ठरवले आहेत. चेहऱ्याला सफेदी फासायची पद्धत होती हे खरे, पण गालांना लाली लावायचीही तितकीच होती. या चित्रांतले गाल मुळात गुलाबी होते. तो गुलाबी रंग उडाला आहे.

रेनल्ड्स चेहरा कसा उभा करत, ते कवी विल्यम मेसन यांनी स्वतः पाहून लिहून ठेवले आहे. पहिल्या बैठकीला रंगपाटीवर तीनच रंग: शिशाचा सफेदा, ‘लेक’ नावाचा लाल रंग आणि काळा. आधी रेखाटन नाही. चेहऱ्याच्या जागी दिलेल्या ओल्या पांढऱ्या थरातच तासाभरात साम्य उतरे, पण अगदी थंड, निस्तेज. दुसऱ्या बैठकीला थोडा नेपल्स पिवळा. कातडीची लाली सगळी लेकच्या भरवशावर.

लाल लेक खनिज नव्हे. कोचिनील किड्यांचा अर्क काढून त्यात तुरटी आणि क्षार घालायचा, खाली बसलेला साका वाळवून वाटायचा, असा हा रंग. जाड थरात तो बराच टिकतो. सफेद्यात चिमूटभर मिसळला किंवा तेलात पातळ करून वरून पारदर्शक हात दिला, की उजेड त्याला लवकर खातो, कारण रंगकण मुळात थोडे आणि सफेदा प्रकाश पुन्हापुन्हा त्यांच्यावरच फेकतो. म्हणून एकाच चित्रात किरमिजी पडदा शाबूत असतो आणि गाल मेणासारखा होतो. हिंगूळ, म्हणजे पाऱ्यापासूनचा लाल रंग, वापरला असता तर लाली राहिली असती. चेहरे उडत असल्याची तक्रार रेनल्ड्स यांच्या हयातीतच होती, तरी कातडीत हिंगूळ दिसत नाही असे त्यांचे म्हणणे होते, असे त्यांचे शिष्य नॉर्थकोट सांगतात.

फिकेपणाला दुसरेही कारण असते. रेनल्ड्स मेगिल्प वापरत: रुमा मस्तकीचे वॉर्निश आणि शिसे घालून उकळलेले जवसाचे तेल एकत्र केले की जेलीसारखे होणारे माध्यम. कुंचल्याला फार सुखाचे, पण जुने वॉर्निश काढणाऱ्या द्रावणात तेही विरघळते. त्यामुळे पूर्वीच्या सफाईत वरचे लाल थर पुसले गेले. फ्रेमखाली झाकलेल्या कडेला गुलाबी उरला असेल तर दोष उजेडाचा. कॅनव्हासच्या विणीचे उंचवटे उघडे पडले असतील तर सफाईचा.

लेखात तड्यांना ‘काळाच्या सुरकुत्या’ म्हटले आहे, तेही बरोबर नाही. वयाचे तडे बारीक आणि धारदार असतात. रुंद, गोल कडांचे, वाळलेल्या तळ्यातल्या चिखलासारखे तडे वाळण्यातल्या दोषाचे. बिट्युमेन, म्हणजे डांबरासारखा तपकिरी रंग, तेलाला नीट वाळू देत नाही. वरचा थर आधी आवळतो आणि खालच्या मऊ थरावर सरकून फाटतो. हे चित्र नवे असतानाच सुरू होते. लंडनच्या वॉलेस कलेक्शनने २०१५ मध्ये रेनल्ड्स यांच्या अशा प्रयोगांवरच प्रदर्शन भरवले होते.

१७९२ साली पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना एकत्र रंगवणारे जेम्स वेल्स याच काळातले. त्यांच्या चित्रावर लिहाल तेव्हा त्वचेच्या छटेवरून निष्कर्ष काढण्याआधी मूळ चित्राच्या स्थितीचा अहवाल पाहावा, आणि छपाईत गडदपणा वाढवला असेल तर तसे चित्राखाली नोंदवावे, ही विनंती.

— एक वाचक, कोल्हापूर