व्हर्च्युअल मशीनवरचे कॅमेरे: रेकॉर्डिंग थांबते कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की जळगाव-धुळ्याकडे बंद घरे फोडल्याच्या बातम्या सुरू होतात. त्यात बरेचदा एक ओळ असते: कॅमेरे होते, पण चित्रण मिळाले नाही. म्हणून हल्ली जुन्या संगणकावर व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) बनवून त्यात कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर चालवणारे वाढले आहेत. दुकानाचा हिशोब ज्या विंडोजवर आहे, तिच्यात कॅमेऱ्याची भानगड मिसळत नाही, हा त्यातला खरा फायदा. एक-दोनच कॅमेरे असतील तर मात्र हा खटाटोप नको. कॅमेऱ्यातले मेमरी कार्ड किंवा साधा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा तयार डबा) पुरे.

सॉफ्टवेअर कोणते, यावर लोक उगाच वाद घालतात. फ्रिगेट, झोनमाइंडर फुकट आहेत. ब्लू आयरिस विकतचे आणि फक्त विंडोजवर चालणारे. घोळ होतो तो त्याच्या खाली, मशीन मांडताना.

पहिला घोळ डिस्कचा. सेकंदाला ४ मेगाबिटवर लावलेला एक कॅमेरा तासाला १.८ जीबी, म्हणजे दिवसाला सुमारे ४३ जीबी लिहितो. चार कॅमेऱ्यांचे १७३ जीबी झाले; थोडी जागा मोकळी ठेवली तर २ टीबीची डिस्क दहा दिवस पुरते. हे गणित न करता 'लागेल तशी वाढणारी' व्हर्च्युअल डिस्क दिली जाते. आत २ टीबी दिसते, बाहेर खऱ्या डिस्कवर ४०० जीबीच शिल्लक असते. ती भरली की व्हर्च्युअलबॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारे एक सॉफ्टवेअर) मशीन थांबवून ठेवतो, आणि कॅमेऱ्यांचे दिवे पेटतच असल्याने घरात कोणाला पत्ता लागत नाही. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती, त्याहून वाईट. स्नॅपशॉट घेतल्यानंतर आत जुने रेकॉर्डिंग पुसले तरी बाहेर जागा सुटत नाही. जुने तसेच धरून ठेवून नवे वेगळ्या फाइलीत साठत जाते. म्हणून सॉफ्टवेअरला ३२ जीबीची छोटी डिस्क आणि रेकॉर्डिंगला वेगळी, पूर्ण आकाराची डिस्क द्यावी. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ती 'राइटथ्रू' केली की स्नॅपशॉटमधून वगळली जाते. प्रॉक्समॉक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिच्यापुढची बॅकअपची खूण काढावी, नाहीतर रोज रात्री तेच शेकडो जीबी पुन्हा उतरवत बसेल.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. डिस्क खराब होऊ लागली की तिचा 'स्मार्ट' अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) व्हर्च्युअल मशीनच्या आत दिसत नाही. तो मूळ संगणकावरच तपासावा लागतो. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात संगणक पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवला असेल, तर हे दर आठवड्याला बघा.

दुसरा घोळ प्रोसेसरचा. व्हर्च्युअल मशीनला मूळ संगणकाची ग्राफिक्स चिप आपोआप मिळत नाही. त्यामुळे चारही कॅमेऱ्यांची पूर्ण चित्रे उलगडण्याचा (डीकोड करण्याचा) भार प्रोसेसरवर येतो, पंखा ओरडू लागतो, चित्र तुटक येते. उपाय सोपा आहे. कॅमेऱ्याचा मुख्य प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर उतरवायचा, उलगडायचा नाही. हालचाल ओळखायला कॅमेऱ्याचाच कमी दर्जाचा दुय्यम प्रवाह, ६४० बाय ३६० आणि सेकंदाला ५ चित्रे, एवढा पुरतो. चिप द्यायचीच असेल तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हीटी-डी, म्हणजे मशीनला थेट हार्डवेअर देण्याची सोय, चालू करून प्रॉक्समॉक्समधून द्यावी. चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हची चिप एच.२६५ (चित्रण दाबून साठवण्याची नवी पद्धत, एच.२६४ ही जुनी) उलगडत नाही, ती सोय सहाव्या पिढीपासून आहे. तशा जुन्या मशीनवर दुय्यम प्रवाह एच.२६४ ठेवावा.

मशीनचे नेटवर्क 'नॅट'वर (मूळ संगणकाच्या आड) राहिले तर कॅमेरे आपोआप सापडत नाहीत, 'ब्रिज्ड' (घरच्या नेटवर्कला थेट जोडलेले) करा. प्रत्येक कॅमेऱ्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) राउटरमध्ये राखून ठेवा. फोनवर बघता यावे म्हणून राउटरचे पोर्ट उघडे टाकू नका, वायरगार्ड हे सुरक्षित जोडणीचे (व्हीपीएन) सॉफ्टवेअर वापरा.

आता वीज. आपल्याकडे खरी परीक्षा हीच घेते. वळवाच्या वाऱ्याने लाइन गेली आणि पहाटे आली, तर मधे कोणी बटण न दाबता सगळे उभे राहिले पाहिजे. त्यासाठी बायोसमध्ये वीज परतल्यावर आपोआप चालू होण्याची सोय लावा, व्हर्च्युअल मशीनला 'स्टार्ट ॲट बूट' द्या आणि राउटर जागा होईपर्यंत दोन-तीन मिनिटांचा उशीर ठेवा. संगणक इन्व्हर्टरवर आणि पीओई स्विच (कॅमेऱ्यांना एकाच केबलमधून नेटवर्क आणि वीज देणारा) मात्र साध्या बोर्डावर, असे बरेच ठिकाणी आढळते. मग वीज जाताच कॅमेरे आंधळे. इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर बॅटरीवर पालटताना संगणक रीस्टार्ट होऊ शकतो, म्हणून 'यूपीएस' मोड ठेवावा लागतो. पण शेतीपंप सुरू झाल्यावर ज्या गावात विजेचा दाब पडतो, तिथे याच मोडमध्ये इन्व्हर्टर वारंवार बॅटरीवर जातो. तिथे संगणक, स्विच आणि राउटरला स्वतंत्र छोटा यूपीएस परवडला. सगळे जुळले की मेन स्विच पाडा, इन्व्हर्टर आणि यूपीएसही बंद करा, पाच मिनिटांनी सगळे चालू करा आणि कशालाही हात न लावता फोनवर नवे रेकॉर्डिंग शोधा. न सापडल्यास काम अपुरे आहे.

चोर संगणकच उचलतील ही भीतीही खरी. हालचालीच्या क्लिप तेवढ्या लगेच इंटरनेटवरून घराबाहेर पाठवाव्यात. १० सेकंदांची क्लिप ५ एमबीच भरते.

शेवटी वेळ. कित्येक कॅमेरे चीनच्या वेळेवर येतात, म्हणजे आपल्यापुढे अडीच तास. जीएमटी+५:३० लावा, एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवण्याची सोय) चालू ठेवा. मशीन थांबवून पुन्हा सुरू केली तर आतले घड्याळ मागे पडू शकते. चोरी झालीच तर पडद्याचे मोबाइलवर केलेले शूटिंग देऊन भागत नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही (फाइलमध्ये काही बदलले तर बदलणारा तिचा ठसा) लिहावे लागते. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घेण्याआधीच ते या आज्ञांनी काढून ठेवा: लिनक्सवर 'एसएचए२५६सम', विंडोजवर 'सर्टयूटिल'. आणि त्या दिवसाचे रेकॉर्डिंग दहा दिवसांच्या चक्रात पुसले जाण्याआधी बाजूला काढा.

आपले,
संगणक व कॅमेरे जोडणीच्या कामातले काही वाचक, जळगाव