सांगणाऱ्यापासून तोडलेली नोंद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मौखिक परंपरा आणि पारंपरिक ज्ञान यांच्या जतनाविषयी आता बऱ्याच ठिकाणी आस्थेने बोलले जाते, याचे समाधान वाटते. मात्र जुनी माणसे आहेत तोवर सगळे ध्वनिमुद्रित करून घ्यावे, एवढ्यावरच ही चर्चा बहुधा थांबते. ध्वनिमुद्रण कसे करायचे, कोणाच्या संमतीने करायचे आणि मागाहून त्याचे काय करायचे, हे प्रश्न किरकोळ तपशील म्हणून बाजूला पडतात. माझ्या मते या अभ्यासाचा कस तिथेच लागतो, म्हणून हे पत्र.

काही वर्षे मी एका संग्रहातील जुन्या ध्वनिफिती ऐकून लेखी उतरवण्याचे काम केले. एका फितीत कथा सांगणारी स्त्री मध्येच थांबते, दार वाजल्याचा आवाज येतो आणि फीत संपते. सूचीत शेरा आहे, 'कथा अपूर्ण'. आत कोण आले, उरलेली कथा त्या व्यक्तीसमोर सांगायची नव्हती काय, की ती तिथेच संपत होती, हे सांगू शकणारे आता कोणी नाही. मुद्रण करणाऱ्याने त्याच संध्याकाळी वहीत चार ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर त्या मला फितीइतक्याच मोलाच्या वाटल्या असत्या. अनेक समाजांत काही कथा ठरावीक ऋतूतच सांगतात, काही ठरावीक नात्यातल्या माणसांपुढेच. ही बंधने त्या ज्ञानाचाच भाग असतात. ती नोंदवली नाहीत, तर हाती केवळ शब्द उरतात.

दुसरी अडचण आपल्या ग्रंथनिष्ठ सवयीची आहे. हस्तलिखितांचे पाठभेद जुळवून मूळ संहिता शोधायची, ही रीत आपण मौखिक काव्यालाही लावतो. मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड या अमेरिकन अभ्यासकांनी १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियात जे पाहिले, त्याने या समजुतीला मोठा धक्का दिला. अव्दो मेजेदोविच या निरक्षर गायकाला त्यांनी दुसऱ्या गायकाचे सुमारे २,३०० ओळींचे गीत ऐकवले. ते ऐकून अव्दोने तीच कथा ६,३०० ओळींत गायली. येथे मूळ पाठ कोणता आणि बिघडलेला कोणता, असा प्रश्नच गैरलागू ठरतो, कारण प्रत्येक गायन ही त्या क्षणी, त्या श्रोत्यांसमोर झालेली रचना असते. त्यामुळे एकच कथा निरनिराळ्या सांगणाऱ्यांकडून आणि एकाच सांगणाऱ्याकडून निरनिराळ्या प्रसंगी ऐकणे हाच अभ्यासाचा पाया असायला हवा, मग त्याला कितीही वेळ लागो.

याचा अर्थ या कथनांतून वस्तुस्थिती हाती लागत नाही, असा मुळीच नाही. जॉन फ्रँकलिन यांच्या बेपत्ता झालेल्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेतील खलाशांची अखेर कशी झाली, हे तिथल्या मूळ रहिवासी इनुइट लोकांनी सांगितले होते आणि शोधप्रवासी जॉन रे यांनी ते १८५४मध्ये इंग्लंडला कळवले. तेथील प्रतिष्ठितांनी ते धुडकावले. त्या मोहिमेतील 'एरेबस' हे जहाज अखेर २०१४मध्ये सापडले, ते इनुइट कथनांनी दाखवलेल्या परिसरातच. इंडोनेशियातील सिमेउलुए बेटावर १९०७च्या त्सुनामीची आठवण 'स्मोंग' या त्सुनामीसाठीच्या स्थानिक शब्दाभोवती कथागीतांतून टिकली होती. मोठा भूकंप झाला आणि समुद्र मागे हटला, तर डोंगराकडे पळावे, हे तिथे मुलांनाही ठाऊक होते, आणि २००४च्या त्सुनामीत सुमारे ७८,००० वस्तीच्या त्या बेटावर प्राणहानी अगदी तुरळक झाली. अशा कथनांची छाननी जरूर व्हावी. मौखिक परंपरांचे अभ्यासक, इतिहासकार यान वान्सिना यांनी १९६१मध्येच त्यासाठी साक्षीदारांची साखळी तपासण्याची शिस्त घालून दिली आहे. पण लेखी कागदाने दुजोरा देईपर्यंत मौखिक साक्ष खोटी धरायची, ही छाननी नव्हे. कागदही कोणीतरी, कशासाठी तरी लिहिलेलाच असतो.

सर्वांत दुखरी बाजू हक्कांची आहे. आदिवासींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००७च्या घोषणापत्रातील कलम ३१ आदिवासी समाजांचा आपल्या पारंपरिक ज्ञानावरील आणि मौखिक परंपरांवरील हक्क मान्य करते, तर आदिवासी समाजांविषयीच्या माहितीच्या वापरासाठी २०१९मध्ये मांडलेली 'केअर' तत्त्वे त्या माहितीचे नियंत्रण त्या समाजांकडे असावे, असे सांगतात. प्रत्यक्षात मात्र संमती म्हणजे पहिल्याच दिवशी घेतलेली सही किंवा अंगठा. आपला आवाज जगभर कोणालाही ऐकता येईल, याची कल्पना त्या दिवशी सांगणाऱ्याला असतेच असे नाही. वनौषधींच्या माहितीबाबत तर हा निष्काळजीपणा सरळ लुबाडणुकीची वाट मोकळी करतो. संमती टप्प्याटप्प्याने विचारावी, ती मागे घेण्याची मुभा असावी आणि सांगणाऱ्याचे नाव द्यायचे की नाही, हे त्यानेच ठरवावे. ज्यांनी अर्थ उलगडून दिला, त्यांना 'माहितीदाता' म्हणून तळटीपेत बसवणे मला अन्यायाचे वाटते. ते त्या संशोधनाचे सहलेखक आहेत.

अशा प्रकल्पांना निधी देणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की, उतरवलेला मजकूर घेऊन संशोधकाने सांगणाऱ्यांकडे पुन्हा जावे, त्यांच्याच भाषेत तो वाचून दाखवावा आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या व गाळायला सांगितलेल्या जागा नोंदवाव्यात, यासाठी अंदाजपत्रकात वेळेची आणि खर्चाची स्वतंत्र तरतूद असल्याशिवाय कोणताही प्रस्ताव मंजूर करू नये.

आपला,
एक वाचक