न्यू साऊथ वेल्सच्या क्रीडामंत्र्यांना खुले पत्र : दोन खेळ, एकच मैदान

माननीय क्रीडामंत्री,
न्यू साऊथ वेल्स राज्य सरकार, सिडनी

सप्रेम नमस्कार.

मी मूळचा कोल्हापूरचा. २०१२ पासून पश्चिम सिडनीत राहतो. माझी मुलगी इथल्या एका छोट्या क्लबात बारा वर्षांखालच्या मुलींच्या संघात फुटबॉल खेळते, आणि हिवाळ्यात दर शनिवारी सकाळी सहाला मी त्याच मैदानावर गोलच्या जाळ्या बांधायला जातो. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठी प्रत माझ्यासारख्या पालकांसाठी आहे. वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल, गिराविन, टुंगॅबी ते ब्लॅकटाउन या पट्ट्यात मराठी घरं पुष्कळ आहेत. या घरांतली मुलं आता क्रिकेटच्या बॅटबरोबर स्टडवाले बूटही मागू लागली आहेत.

गेली काही वर्षं एक प्रश्न इथे सारखा कानावर येतो. सॉकर, म्हणजे आपला फुटबॉल, रग्बी लीगला, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याच्या इथल्या दांडग्या खेळाला (बोलताना नुसतं 'लीग'), मागे टाकणार का? पबमध्ये, ट्रेनमध्ये, शाळेच्या फाटकाशी, सगळीकडे. लीगची माणसं जरा चिडून विचारतात, फुटबॉलची माणसं जरा खुशीत. आपल्या खात्याकडे पैसे मागायला जाणाऱ्या शिष्टमंडळांच्या तोंडीही हीच तुलना असते. बांधावरून दोन भावांचं भांडण जुंपावं आणि दोघांच्या सामाईक विहिरीचं पाणी आटत चाललंय हे कुणी बघूच नये, तसं हे झालं आहे. मला त्या विहिरीबद्दल लिहायचं आहे.

आमचं मैदान कसं आहे ते आधी सांगतो. दोन्ही टोकांना रग्बी लीगचे एच आकाराचे उंच खांब आहेत, त्यांच्या बुंध्याला फोमच्या गाद्या बांधलेल्या. शनिवारी सकाळी आम्ही चाकांवरचे गोल ढकलत नेऊन त्या खांबांच्या पुढ्यात उभे करतो. गवतावर लीगच्या पांढऱ्या रेषा आहेत आणि त्यांना छेदून जाणाऱ्या आमच्या निळ्या रेषा. नवीन आलेलं पोर चेंडू घेऊन सुसाट धावतं आणि लीगच्या पांढऱ्या रेषेशी गपकन थांबतं. त्याला वाटतं चेंडू बाहेर गेला. मग बाहेरून पाच-सहा पालक एकदम ओरडतात, "निळी बघ, निळी!"

मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी अर्ध्या मैदानावर आमचे नऊ संघ असतात, उरलेल्या अर्ध्यावर लीगची मुलं. दिव्याचे खांब चार. त्यातला एक गेल्या हिवाळ्यापासून बंद आहे. मैदान ज्या स्थानिक पालिकेच्या ताब्यात आहे तिचं नाव मी घेत नाही, कारण तिथली माणसं वाईट नाहीत, त्यांच्याकडे पैसे नाहीत. पण बंद खांबाखालचा कोपरा कुणाच्या वाट्याला आला ते ऐका. बारा वर्षांखालच्या मुलींच्या. त्यांचा संघ नवा, म्हणून जागा वाटताना त्यांचा नंबर शेवटचा. जून-जुलैत इथे सव्वापाचलाच अंधारून येतं. आम्ही तीन-चार बाप गाड्या कुंपणाला लावून हेडलाइट सुरू ठेवतो आणि त्या उजेडात पोरी पासिंगचा सराव करतात. गोलकीपर मुलीला समोरून येणारा चेंडू दिसत नाही, कारण तिच्या डोळ्यांवर आमचेच दिवे असतात. म्हणून हल्ली तिला उजेडाकडे पाठ करून उभं करतो आणि बाकीच्यांच्या डोळ्यांवर दिवे घेतो.

कपडे बदलायला एक जुनी विटांची खोली आहे. ती बांधली तेव्हा या मैदानावर कधी मुली खेळतील हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आत पुरुषांची मुतारी, आंघोळीच्या जागेला दार नाही. दुसरी खोली होती तिथे आता कॅन्टीनचा फ्रीज, सॉसेजची शेगडी आणि सरावाचे प्लास्टिकचे कोन ठेवलेले असतात. आमच्या मुली शौचालयात एकेक करून कपडे बदलतात, बाहेर रांग लागते.

हे दुखणं फक्त फुटबॉलचं नाही. लीगच्या मुलामुलींना शिकवणारा कोच सामोअन वंशाचा आहे, माझ्यापेक्षा दीड फूट रुंद, आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जावा. त्याच्याकडेही मुलींचा संघ आहे. त्याही त्याच शौचालयाच्या रांगेत उभ्या असतात. पाऊस पडला की दुपारी तीनच्या सुमारास त्याच्या आणि माझ्या फोनवर एकाच वेळी मेसेज येतो : मैदान बंद. २०२२ साली सिडनीत नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा सर्वाधिक पाऊस झाला, वर्षभरात २,५०० मिलिमीटरच्या वर. त्या हंगामात आमच्या मुलांनी सराव किती केला आणि घरी बसून वाट किती पाहिली, हे आम्हालाच ठाऊक. तेव्हापासून मी एका वहीत मैदान बंद असल्याचे दिवस लिहून ठेवतो. निचऱ्याची सोय नसल्यामुळे एका दिवसाच्या पावसाला आमचं मैदान चार-चार दिवस बंद राहतं.

आता त्या तुलनेबद्दल. सॉकर हा परक्यांचा खेळ आणि लीग हा इथला, असं अजूनही बोललं जातं. इतिहास वेगळं सांगतो. न्यू साऊथ वेल्समध्ये असोसिएशन फुटबॉलचा पहिला नोंदलेला सामना १४ ऑगस्ट १८८० रोजी झाला, तोही आमच्याच पॅरामॅटात, वाँडरर्स आणि किंग्ज स्कूल यांच्यात. रग्बी लीगची पहिली स्पर्धा सिडनीत सुरू झाली १९०८ साली. म्हणजे या मातीत फुटबॉल लीगच्या २८ वर्षं आधी रुजला. पुढे लीग कामगार वस्त्यांचा खेळ झाला, बाल्मेन, न्यूटाउन, साऊथ सिडनी या गल्लीबोळांचा अभिमान झाला, आणि तो अभिमान खरा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या युरोपीय स्थलांतरितांनी फुटबॉल जिवंत ठेवला : इटालियनांचं मार्कोनी, क्रोएशियनांचं सिडनी युनायटेड, ग्रीकांचं सिडनी ऑलिम्पिक. बोटीतून उतरलेल्या माणसाला इंग्रजी नीट येत नसेल, पण रविवारी मैदानावर त्याची भाषा बोलणारे अकरा जण भेटत. म्हणून फुटबॉलवर 'परक्यांचा' असा शिक्का बसला, आणि तो पुसायला दोन पिढ्या गेल्या.

शिक्का कसा पुसला गेला हे आपल्याला माझ्याहून जास्त माहीत आहे. १६ नोव्हेंबर २००५ ला उरुग्वेविरुद्ध जॉन अलोइसीची पेनल्टी जाळ्यात गेली आणि ऑस्ट्रेलिया १९७४ नंतर पहिल्यांदा विश्वचषकाला पोहोचला. मी इथे आलो त्याच वर्षी वेस्टर्न सिडनी वाँडरर्स या फुटबॉल क्लबाचा जन्म झाला आणि २०१४ मध्ये त्यांनी अल हिलालला नमवून आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकली. ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही क्लबाला तोवर ते जमलं नव्हतं. मग २०२३ चा महिला विश्वचषक. फ्रान्सविरुद्धचा तो न संपणारा शूटआउट, कॉर्टनी वाइनची शेवटची पेनल्टी. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. सोफ्यावर बसायलाच तयार नव्हती, पूर्ण शूटआउट तिने दाराला पाठ टेकून पाहिला. इंग्लंडविरुद्धचा उपांत्य सामना या देशात सरासरी ७१ लाखांहून अधिक लोकांनी टीव्हीवर पाहिला. पुढच्या हंगामात आमच्या क्लबात मुलींची नोंदणी इतकी आली की प्रतीक्षा यादी करावी लागली. मी स्वतः अकरा घरी फोन करून "यंदा जागा नाही" असं सांगितलं. त्यातल्या चार मुली पुन्हा आल्याच नाहीत. एक आता काहीच खेळत नाही, हे तिच्या आईने मला सुपरमार्केटमध्ये सांगितलं, तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

आमच्या मराठी घरांतून लीगबद्दल एक भीती कायम ऐकू येते : नको रे बाबा, डोक्याला मार लागतो. ती भीती निराधार नाही. स्टीव्ह फोक्स आणि पॉल ग्रीन या लीगच्या नामवंत खेळाडूंच्या मेंदूत मृत्यूनंतर सीटीई हा डोक्याला वारंवार मार बसून होणारा आजार आढळला, तेव्हापासून कितीतरी पालक मुलांना फुटबॉलकडे वळवत आहेत. पण हेडिंगचे, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याचे, प्रश्न फुटबॉललाही आहेत. आणि दुसऱ्या खेळाच्या भीतीवर माझा खेळ वाढावा, असं मला मुळीच वाटत नाही. लीग ही मोठी विद्या आहे. लहानपणी कबड्डीत पकड केलेल्या माणसाला तिची गोडी लगेच कळते.

मी कोल्हापूरचा आहे हे सुरुवातीला सांगितलं ते उगीच नाही. कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी. पण तिथे फुटबॉल कोण खेळतं? तालमी खेळतात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. मातीत पैलवान घडवायला उभ्या राहिलेल्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले, आणि शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला की पेठाच्या पेठा ओस पडतात. ईर्षा इतकी की कधीकधी भांडणं मैदानाबाहेर जातात, आणि ते लाजिरवाणं आहे. पण फुटबॉल आला म्हणून कुस्तीचं नुकसान झालं असं म्हणणारा पैलवान मी आजवर पाहिला नाही. एकाच तालमीच्या छताखाली दोन्ही खेळ नांदले, कारण छप्पर तालमीचं होतं, कुठल्या एका खेळाचं नव्हतं.

मोठ्या पातळीवर आपल्या सरकारांनी हेच केलेलं आहे. पॅरामॅटाचं जुनं स्टेडियम पाडून २०१९ मध्ये ३० कोटी डॉलरहून अधिक खर्चून नवं बांधलं, तिथे लीगचा ईल्स संघ आणि फुटबॉलचा वाँडरर्स दोघंही खेळतात. मूर पार्कचं २०२२ मध्ये ८२ कोटी ८० लाख डॉलरना उभं राहिलं, तेही दोन्ही खेळांचं. पेनरिथला ३० कोटी ९० लाखांची घोषणा झाली. या स्टेडियमना माझा विरोध नाही. पॅरामॅटाच्या स्टेडियमवर मी मुलीला खांद्यावर घेऊन सामने पाहिले आहेत. पण वर दोन्ही खेळ चकाचक गवत वाटून घेतात आणि खाली आम्ही दोघं चिखल वाटून घेतो, हे बरोबर नाही.

लीगच्या पेनरिथ पँथर्सने २०२१ ते २०२४ सलग चार विजेतेपदं मिळवली. हा संघ बाहेरून विकत आणलेला नव्हता. ब्रायन तोओ, जेरोम लुआई ही माउंट ड्रुइट भागात वाढलेली पोरं. वस्तीतल्या मैदानांवर पैसा आणि माणसं लावली की काय होतं, याचा याहून मोठा दाखला फुटबॉलवाले देऊ शकणार नाहीत. तो दाखला लीगचा आहे आणि मी तो आनंदाने वापरतो.

म्हणून माझी विनंती अशी. मैदानांसाठीचं राज्याचं अनुदान कुठल्या खेळाची संघटना जास्त जोर लावते यावर न ठरवता त्या मैदानावर आठवड्याला किती मुलं-मुली पाय ठेवतात यावर ठरवा. ती गणती अवघड नाही, नोंदणीची यादी प्रत्येक क्लबाकडे असते. मोठ्या स्टेडियमला मंजुरी द्याल तेव्हा त्याच भागातल्या सार्वजनिक मैदानांचे दिवे, निचरा आणि मुलींच्या खोल्या यांसाठी त्याच निर्णयात रक्कम बांधून द्या, मागाहून बघू असं नको. २०२३ च्या विश्वचषकाच्या अखेरीस केंद्र सरकारने महिला-मुलींच्या क्रीडासुविधांसाठी २० कोटी डॉलर जाहीर केले. राज्याने आपला वाटा त्याला जोडला, तर आमच्यासारखी मैदानं रांगेत पुढे येतील.

आणि व्हाउचर. २०१८ मध्ये शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला खेळाच्या फीसाठी १०० डॉलर मिळू लागले. २०२४ पासून ते ५०-५० डॉलरचे दोन झाले आणि फॅमिली टॅक्स बेनिफिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीची केंद्राची मदत, मिळणाऱ्या घरांपुरतेच उरले. ज्यांना गरज जास्त त्यांना आधी, हे तत्त्व मला मान्य आहे. पण त्या रेषेच्या जरा वर असलेली, दोन पगारांत भाडं आणि तीन मुलं सांभाळणारी घरं आमच्या क्लबात बरीच आहेत. लीगच्या अनेक ज्युनिअर क्लबांना मोठ्या लीग्ज क्लबांच्या (लीगशी जोडलेल्या सभासद क्लबांच्या) जुगाराच्या पोकर मशीनच्या उत्पन्नाचा टेकू असतो. आमच्यासारख्या छोट्या फुटबॉल क्लबांना तोही नाही. तेव्हा ती रेषा थोडी वर सरकवा, निदान मुलींसाठी तरी.

जुलै २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून ऑस्ट्रेलियातल्या २०२६ च्या आशियाई चषकात जागा मिळवली. संगीता बसफोरने दोन्ही गोल केले. मुलीने ते गोल फोनवर पुन्हा पुन्हा पाहिले आणि गुरुवारी सरावाला तसाच फटका मारायचा प्रयत्न केला. चेंडू अंधाऱ्या कोपऱ्यात कुंपणापलीकडे गेला आणि टॉर्च घेऊन शोधावा लागला. शोधायला लीगच्या संघातल्या दोन पोरी आल्या होत्या.

लीगचा कोच आणि मी दोघांनी मिळून चार पानं तयार केली आहेत : दोन्ही क्लबांच्या मुलामुलींची संख्या, दिव्यांचा आणि निचऱ्याचा अंदाजे खर्च, खोलीचे फोटो, आणि माझ्या वहीतले बंद दिवस तारखांसह. आपण वेळ द्याल त्या दिवशी आम्ही दोघंही एकत्र येऊ. आपल्याला मैदानावर यायचं असेल तर सराव मंगळवारी आणि गुरुवारी साडेपाचला सुरू होतो.

आपला,
एक पालक आणि क्लबाचा स्वयंसेवक
पश्चिम सिडनी