मुलाला घराबाहेर काढायचा अर्ज आहे, बरा करायचा नाही?

मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र शासन, यांस सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्या थोरल्याने दारूच्या नशेत माझ्यावर कोयता उगारला. मध्ये पडलेल्या बापाच्या दंडाला टाके पडले. तो माणूस रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मासेमारीचं मोठं जाळं ओढायला जातो, हात बरा होईपर्यंत घरात पैसा नाही. होडीचं इंजिन मुलाने आधीच विकून खाल्लंय.

पोलीस म्हणाले, "मावशी, तक्रार द्या, आत टाकतो. पण जामीन झाला की घरीच येणार." मी म्हटलं, आत नको, दवाखान्यात न्या. तर माझंच डोकं फिरलंय अशा नजरेने बघायला लागले.

मग मोफत वकील. 1987 च्या विधी सेवा कायद्यात बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही, म्हणून मिळाला. माणूस सज्जन. म्हणाला, ज्येष्ठ नागरिक म्हणून प्रांतांकडे जाऊन मुलाला घराबाहेर काढू, नाहीतर सुनेकडून कौटुंबिक हिंसाचाराची केस घालू. दोन्ही अर्ज त्याला तोंडपाठ. उपचाराचा अर्ज लिहा म्हटलं, तर म्हणतो मुलाची सही आणा! सही करण्याइतका तो शुद्धीवर असता तर मी वकिलाच्या दारात कशाला गेले असते?

साहेब, आम्ही मासे विकणारी माणसं, पण धाकटी मुलगी मोबाइलवर कायदा वाचते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे विकार मानसिक आजारातच धरलेत. कलम 89 प्रमाणे, स्वतःचा निर्णय घेता येत नाही आणि दुसऱ्यावर हात टाकतो अशा माणसाला, दोन तज्ज्ञांनी तपासून, नातेवाइकाच्या अर्जावर तीस दिवसांपर्यंत दाखल करता येतं. कलम 102 खाली न्यायदंडाधिकारी तपासणीसाठी दहा दिवसांपर्यंत रुग्णालयात ठेवण्याचा हुकूम देऊ शकतात. हे आम्ही वकिलाला सांगायचं? छान चाललंय!

बरं, हुकूम मिळाला तरी न्यायचं कुठे? रत्नागिरीचं मनोरुग्णालय आमच्या वेंगुर्ल्याहून दीडशे किलोमीटरच्या वर असेल, आणि महामार्गाबद्दल मी काही बोलत नाही. पिसाळलेल्या तरण्या पोराला कोण गाडीत घालणार, टाके पडलेला बाप?

तुमच्या खात्याला विचारावं तर हा आरोग्याचा विषय, आरोग्याला विचारावं तर पोलिसांचा. उत्पादन शुल्क खात्याला मात्र कधी शंका येत नाही. दारूतून सरकारला वर्षाला वीस की पंचवीस हजार कोटी मिळतात म्हणे. त्यातली किती बाटल्यांची रक्कम माझ्या घरातून गेली याचा हिशेब कोण देणार? वर गोव्याची स्वस्त दारू सीमेवरच्या बांदा गावावरून येतेच. पकडलेल्या पेट्यांचे फोटो पेपरात येतात, न पकडलेल्या आमच्या गावात येतात. निवडणुकीत तर फुकटच येतात, कुणाच्या गाडीतून ते साऱ्या वाडीला ठाऊक आहे. पिणारा तयार करायला सगळी यंत्रणा जागी, त्याला सोडवायच्या वेळी एकही कारकून जागेवर नाही!

विनंती करायचीच तर ही: विधी सेवेच्या प्रत्येक वकिलाला कलम 89 चा अर्ज लिहायला लावा. पोलिसांना कलम 102 वाचायला द्या. आमच्याच जिल्ह्यात खाटा ठेवा, आणि माणूस न्यायला सरकारी गाडी द्या.

आणि उत्तर लवकर द्या. कोयता मी विहिरीत टाकलाय, पण घरात आडाळो, म्हणजे विळीही आहे, तिच्याशिवाय मासे कापता येत नाहीत.

आपली,
वेंगुर्ला तालुक्यातली एक आई