अप्पा, ती लग्नपत्रिका मी जपून ठेवलीय

अप्पा, सप्रेम नमस्कार. परवा ओट्यावर भेटलात तेव्हा पोरंच इतकं बोलत होती की मला आभाराचा एक शब्द काढता आला नाही, म्हणून लिहितेय आणि सगळ्यांसमोर लिहितेय. दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जाऊन सुखरूप परत आलो ते तुमच्यामुळे.

एका एजंटने आम्हाला सहा दिवसांत पाच बेटं असा प्लॅन दिला होता आणि आम्ही ॲडव्हान्स भरणारच होतो. तुम्ही तो कागद वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणालात, "पाच बेटं काय करशी माय, दोनच कर. पोरेस्ले समुद्र देखू दे." मग काकूंनी आणून दिलेल्या जुन्या लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला तीन गोल काढले, पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील. आता नावं बदललीत, श्री विजयपुरम, स्वराज द्वीप, शहीद द्वीप, पण तुम्ही तिथे नोकरीला होतात तेव्हाची नावं तुमच्या तोंडी बसलेली. गोलांमध्ये मुक्कामाच्या रात्री लिहिल्या, हॅवलॉकला तीन, नीलला दोन, आणि शेवटच्या बोटीनंतर विमानाच्या आधी एक दिवस मोकळा, त्याच्याखाली दोन रेघा.

त्या दोन रेघांनी आम्हाला वाचवलं अप्पा. नीलहून निघायच्या दिवशी समुद्र खवळला आणि सगळ्या बोटी बंद. जेट्टीवर एक कुटुंब होतं, त्यांचं त्याच संध्याकाळचं विमान, ती बाई लेकराला कडेवर घेऊन रडत होती, माझ्याच्याने बघवलं नाही. आम्ही परत हॉटेलवर गेलो, खोली एक दिवस वाढवली, दुसऱ्या दिवशी बोट सुरू झाली.

आधी बोटीची तिकीटं, मग हॉटेल, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी उलटंच केलं असतं, आणि सुट्टीच्या गर्दीत चौघांच्या सीटा एकत्र मिळाल्या नसत्या. बोटीत मधल्या सीटा घ्या, खालच्या मजल्यावर, पोटात थोडं काहीतरी असू द्या पण तळलेलं नको, हेही तुमचंच. धाकट्याला गाडी लागते म्हणून मला तीच धास्ती होती, त्याला दशमीचा तुकडा आणि आल्याची वडी दिली, लांबच्या क्षितिजाकडे बघत बस म्हटलं, एकदाही उलटी झाली नाही. भुसावळहून गीतांजलीने हावडा, कोलकात्यात एक मुक्काम आणि मग विमान, हेही बरोबर निघालं, ट्रेनमध्ये पोरांची झोप झाली.

आणि ते सूर्याचं! पाच वाजता अंधार पडतो हे मला खरंच वाटत नव्हतं. आपलं घड्याळ सगळीकडे एकच पण अंदमान इतकं पूर्वेला की सूर्य आपल्यापेक्षा तासभर आधी येतो नि जातो. तुम्ही म्हणालात म्हणून हॅवलॉकच्या राधानगर बीचवर आम्ही साडेतीनलाच पोचलो. बाकीचे लोक सूर्यास्ताला म्हणून आरामात पाच-सव्वापाचला येत होते, तोवर सगळं संपलेलं.

पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलला थोरला गप्प झाला. जेलच्या सात पाखांपैकी, म्हणजे विंगांपैकी, आता तीनच उभ्या आहेत आणि एका पाखेच्या कोठड्यांचं तोंड दुसऱ्या पाखेच्या पाठीकडे, म्हणजे कैद्यांना एकमेकांचे चेहरेही दिसू नयेत. सावरकरांना 1911 मध्ये इथे आणलं हे त्याला पुस्तकातून माहीत होतं, पण कोठडीत उभं राहिल्यावर तो माझा हात सोडेना.

सगळ्यात सांगायचंय ते नीलचं. ओहोटीला तिथल्या नैसर्गिक दगडी पुलाजवळ पाणी मागे जातं आणि खडकांत छोटी छोटी डबकी राहतात. हतनूर धरण हेच आमच्या पोरांचं सगळ्यात मोठं पाणी, ती तिथे उकिडवी बसली ती उठेचनात. समुद्रकाकडी बघितली, खेकडे बघितले. लेकीने एक सुंदर शंख उचलून तळहातावर ठेवला आणि मिनिटभराने त्या शंखाला पाय फुटले, आतून एक साधू खेकडा बाहेर आला, लालसर, डोळे काड्यांवर. ती ओरडली नाही, श्वास रोखून बघत राहिली. तुम्ही बजावलं होतं ना, शंख उचलला तर आत कोणी राहतंय का बघा आणि काही असो नसो, घरी आणू नका, प्रवाळ आणि शंख नेणं गुन्हा आहे. तिने हात पाण्याजवळ नेला आणि तो चालत निघून गेला.

म्हणून तुमच्यासाठी शंख आणला नाही. तिने त्या खेकड्याचं चित्र काढलंय, खाली "अप्पा आजोबांना" असं लिहिलंय. रविवारी घेऊन येतो. भरीत मी करून आणते, वांगी शेतातली आहेत, काकूंना सांगा फक्त कळण्याच्या भाकरी टाका. आणि पत्रिका मागू नका, ती मी परत देणार नाही.

तुमची,
समोरच्या गल्लीतली लेक